एका पायाचा फ्लेमिंगो

सुई म्हटली की दोरा आलाच, अशी माझी साठ वर्षांची समजूत. नीडल फेल्टिंगच्या, म्हणजे लोकर टोचून टोचून तिची घट्ट वस्तू बनवायच्या, सुईला मात्र नेढंच नसतं. बहुतेक सुया तीन धारांच्या, टोकाकडे बारीक खाचा असलेल्या. पिंजलेल्या लोकरीत सुई खुपसली की खाचांत अडकलेले तंतू आत ओढले जातात. सुई वर येते, तंतू आतच राहतात. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, एकदा एकमेकांत गुंतले की सुटायचं नाव नाही. आमच्या ह्यांनी एकदा माझा लोकरी स्वेटर गरम पाण्यात घासून धुतला होता. नातीच्या मापाचा होऊन बाहेर आला! करामत त्याच खवल्यांची. सुई तेच काम पाण्याशिवाय करते.

हे खूळ लागलं नातीमुळे. नेरुळला राहायचं म्हणजे हिवाळ्यापासून मेपर्यंत फ्लेमिंगो बघायला जाणं आलंच. सीवूड्सच्या तळ्याकाठी अर्धा तास उभी राहून ती म्हणाली, "आजी, मला एक घरी हवा." दुकानातले प्लास्टिकचे तिने नाकारले. "ते कडक आहेत."

मग टोचताना खाली ठेवायला फोमचा जाड तुकडा आणला, लोकर मागवली. विणायची लोकर इथे चालत नाही, ती पिळलेली. हवी ती पिंजलेली, मोकळी. पुडकं उघडून हुंगलं तर थेट गावच्या घोंगडीचा वास. पुढची पाच मिनिटं मी नेरुळात नव्हतेच.

लोकर घट्ट गुंडाळायची आणि टोचत राहायचं. सुरुवातीला सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. शंभर-दोनशे वेळा टोचलं की आवाज बदलतो, कच् कच् ऐकू येतं, हाताला विरोध जाणवतो. सुई जशी सरळ आत, तशीच सरळ बाहेर. कलती केलीत की मोडलीच. मी दोन मोडल्या. तिसरी बोटात गेली. नात शेजारी बसून मोजत होती, सुयाही आणि माझे "आई गं"ही. सुईला हात लावायचा नाही, एवढी एकच अट तिला घातली होती.

मान जमायला तीन दुपारी गेल्या आणि गुलाबी लोकर तिथेच संपली. मग अंगाला राखाडी वापरली. सुनेने हळूच विचारलं, "आई, हा बगळा का?" मला मुद्दा सापडला. फ्लेमिंगोची पिल्लं राखाडीच असतात, गुलाबी रंग पुढे खाण्यातून चढतो. म्हटलं, हे अजून जेवायचंय.

पायांना तार घातली, टोकं वळवून वर लोकर गुंडाळली. डोळे राहिले. मणी हाताशी होते, पण नात म्हणाली, आत्ता नको, तो कामावर निघालाय. खेळणं अर्धवट देणं माझ्या जिवाला लागतं. भातुकलीतल्या पितळी बंबालासुद्धा तोटी असायची आमच्या! तिला त्याचं काही नाही.

आठवडाभर ते पिल्लू कधी डॉक्टर होतं, कधी इस्त्रीवाले काका, एकदा चक्क कणकेचा गोळा. पाटीखाली लाटलं गेलं तरी पुन्हा फुगलं. एका पायाची तार मात्र निसटली. मी लगबगीने सुई शोधायला लागले.

नातीने त्याला खिडकीच्या गजाला टेकवून उभं केलं होतं, शेजारी तिच्या आईची रिकामी पर्स. तिची आई रोज सकाळी हार्बर लाइनच्या लोकलने सीएसएमटीला जाते.

"आण इकडे, पाय लावते."

"थांब गं आजी. खूप गर्दी आहे, दुसरा पाय ठेवायला जागाच नाहीये. कुर्ल्याला उतरतील सगळे, मग लाव."