किसुमूची उपकारस्तुती

केनियात किसुमूजवळच्या चर्चमध्ये आमच्या निरोपाचा कार्यक्रम चार तास चालेल हे आधी कळलं असतं, तर आमच्या गटाच्या दादांनी गाडी दुपारी दोनला सांगितलीच नसती. ड्रायव्हर देवळाच्या फाटकाशी येऊन थांबला, तरी आत आजीबाईंची भाषणं सुरू व्हायची होती. दादा सारखे घड्याळ बघत होते. मी मात्र मनातल्या मनात प्रार्थना करत होते की हे कुणी आवरतं घेऊ नये. आज मला त्या दुपारबद्दलच लिहायचं आहे, बाकीचा प्रवास थोडक्यात सांगते.

विमानाने नैरोबी, आणि तिथून नकुरू, केरिचो करत दिवसभर रस्त्याने किसुमू. केरिचोला दोन्ही बाजूंना चहाचे मळे, नजर पोचेल तिथपर्यंत. मोम्बासाहून निघालेली रेल्वे १९०१ साली किसुमूला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाशी येऊन पोचली. ती बांधायला ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते, आणि त्यातले अडीच हजारांच्या आसपास कामावरच दगावले. हे मी वाचून गेले होते, तरी तिथे पोचल्यावर छातीत काहीतरी हललं. आपली माणसं या वाटेवर किती कष्टाने आली होती, आणि आपण किती सुखाने आलो!

आम्ही गेलो ती मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, शहराबाहेर, कोळ्यांच्या वस्तीत होती. लोक लुओ, घरात बोली ढोलुओ. ऑगस्टमध्ये केनियातल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा तिथलं चर्च मुलांसाठी रोज वर्ग भरवतं. सकाळी गाणी, मग पवित्र शास्त्रातली गोष्ट, हस्तकला, जेवण. आम्ही तरुण संघाची मुलंमुली मदतीला गेलो होतो. मदतीला हा शब्द मी जपून वापरते, कारण काम त्यांचं होतं. संडे स्कूलच्या टीचर वर्षभर, एक पैसा न घेता, दर रविवारी शिकवतात आणि बाकीचे दिवस मासळी वाळवतात, विकतात. आम्ही आलो नसतो तरी वर्ग भरलाच असता.

एका सकाळचं सांगते. गोष्ट होती पाच भाकरी आणि दोन माशांची, तेवढ्यात प्रभू येशूने हजारोंना जेवू घातलं ती. मी फ्लॅनेलच्या बोर्डावर लावायला कापडी चित्रं नेली होती, त्यात दोन मोठे नारिंगी मासे. पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, हे कुठले मासे, टिलापिया की ओमेना? ओमेना म्हणजे बोटाएवढी चंदेरी मासळी. बाप लोक रात्री होडीत दिवे लावून ती धरतात, आणि दिवसा ती किनाऱ्यावर जाळ्यांवर वाळत पडलेली असते. मी म्हटलं, योहानाने शुभवर्तमानात लिहिलंय की मासे लहान होते आणि भाकरी जवाच्या होत्या. झालं, वर्गात वादच सुरू झाला. टिलापिया असतील तर दोनात एक घर जेवतं. ओमेना असतील तर दोनात एका पोराचाही घास होत नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे बाबा रात्रभर पाण्यावर असतात, ठामपणे म्हणाला, मग ओमेनाच होते, कारण प्रभूला तेवढ्यानेही पुरतं. मी पुढे सरकायला बघत होते, पण टीचरांनी मला हाताने थांबवलं आणि पोरांना बोलू दिलं. चांगला पाव तास. मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण मुलांच्या हाती गोष्ट देऊन गप्प बसणं मी त्या दिवशी पाहिलं.

पहिल्याच दिवशी याच टीचरांनी आम्हाला नियम सांगितले होते. कोणीही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहायचं नाही. आईबापांना विचारल्याशिवाय फोटो नाही. एकट्यादुकट्या मुलाला भेटवस्तू नाही, फोन नंबर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, परत येण्याचं वचन द्यायचं नाही. यापूर्वी कुठूनसे पाहुणे आले होते. जाताना ते मुलांच्या गळ्यात पडून रडले आणि पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणाले. मुलं पुढच्या ऑगस्टमध्ये रोज फाटकाकडे बघत बसली. टीचर हे सांगताना रागावल्या नव्हत्या, पण मी रागावले, आणि तो राग अजून आहे. आपलं मन भरून आलं म्हणून मुलाच्या मनात आशा पेरून निघून जायचं, याला मी प्रेम म्हणणार नाही. शेवटच्या दिवशी त्या नारिंगी माशांवाल्या मुलीने मला विचारलंच, परत कधी येणार? मी म्हटलं, मला माहीत नाही, पण रविवारी टीचर इथेच असतील. तिने मान डोलावली आणि खेळायला पळाली.

आता ती दुपार. आंब्याच्या झाडाखाली देवळातले बाक आणून मांडले होते. बायका पहाटेपासून चपात्या लाटत होत्या. तिकडे रोजचं जेवण उगाली, मक्याच्या पिठाचं. चपाती सणासुदीला, पाहुण्याला. हिंदुस्थानी लोकांबरोबर आलेली ती चपाती त्यांनी आपलीशी केली आणि मोठ्या मानाने आम्हालाच वाढली. तिखटमिठाचा अंदाज, चहात दूध घालून उकळणं, हाताने जेवणं, कशातच परकं वाटलं नाही. इतक्या आग्रहाने वाढलेलं मी फार थोड्या ठिकाणी जेवले आहे.

जेवणं झाल्यावर एकेक जण उठू लागला. आधी ‘ब्वाना असिफिवे’ म्हणजे प्रभूची स्तुती असो, सगळ्यांचं ‘आमेन’, मग बोलणं. मला वाटलं होतं, आलात, बरं झालं, देव आशीर्वाद देवो, असं काहीतरी होईल. पण पहिल्याच आजीबाईंनी आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलाला उभं केलं आणि म्हणाल्या, हा रोज सकाळी आमच्या मुलींबरोबर नळावर गेला आणि वीस लिटरचा कॅन उचलून आणला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या बाईंनी एका मुलीचे आभार मानले, कारण ती जेवणानंतर न चुकता त्यांच्याबरोबर ताटं घासायला बसायची. तिसरीने सांगितलं, माझा नातू अडखळत बोलतो, तो बोलत असताना या दादांनी एकदाही त्याचं वाक्य पूर्ण केलं नाही. आम्ही महिनोनमहिने तयारी करून नेलेली बाहुल्यांची नाटिका, रंगीत कागद, बोर्ड, यांचं कुणी नावही काढलं नाही. आम्ही ज्याला काम समजत नव्हतो तेवढंच त्यांनी पाहिलं होतं, आणि नावानिशी लक्षात ठेवलं होतं. आभार इतके नेमके असू शकतात हे मला माहीत नव्हतं.

आमच्यातर्फे दादांनी दोन वाक्यं बोलायची असं ठरलं होतं. ते ऐकल्यावर दोन वाक्यांत कसं भागणार? दादांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि आम्हाला म्हणाले, प्रत्येकाने बोला. मी मामांबद्दल बोलले. मामा म्हणजे तिकडे आई, मोठ्या बाईला मानाने असंच म्हणतात. मी ज्यांच्या घरी राहत होते त्या मामा रोज संध्याकाळी स्वतःचा स्वयंपाक थांबवून आधी शेगडीवर माझ्या अंघोळीचं पाणी तापवायच्या. कोळसा विकत आणावा लागतो, आणि एका पाहुणीच्या पाण्यापायी घरचं जेवण अर्धा तास लांबतं, हे मला दिसत होतं. मी नको म्हटलं तर त्या फक्त हसायच्या. टीचर माझं बोलणं ढोलुओत सांगत होत्या, आणि मी थांबले तरी त्यांचं चालूच होतं. मामांनी पदराने डोळे पुसावेत तसे लेसोने, अंगाभोवती गुंडाळलेल्या कापडाने, पुसले, तेव्हा कळलं की टीचरांनी स्वतःचेही आभार त्यात मिळवले असणार.

मग मुलं गायली. त्यांनी तीन भाषांतलं एक गाणं बसवलं होतं, शेवटचं कडवं आमच्याकडून उचललेल्या मराठीत. शब्द नीट होते, सूर आमच्यापेक्षा कितीतरी खरे.

विषुववृत्त तिथून जवळच असल्यामुळे किसुमूला बाराही महिने साधारण साडेसहा ते सातच्या दरम्यानच सूर्य बुडतो. आम्ही निघालो तेव्हा तो खाली आलाच होता. तिकडे पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत, वाटेला लावून देतात. सगळी वस्ती आमच्याबरोबर मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आली आणि रिकामी गाडी मागून हळूहळू. एका आजीबाईंनी माझ्या हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी ठेवली, वहीच्या पानात बांधलेली. केनियात २०१७पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे बाजारातही कागदच. त्या पानावर कुणाचीतरी वजाबाकीची गणितं होती, सगळी बरोबर.

वाटेत टीचर माझ्याशेजारी होत्या. मी त्यांना म्हटलं, तुमचा वर्ग तुम्ही आमच्या हाती दिलात, आम्हाला त्यात उभं राहू दिलंत, याचे आभार कसे मानू? त्यांनी उत्तरादाखल मला प्रार्थनेचा विषय दिला. मुलगे जरा मोठे झाले की रात्री होडीवर जाऊ लागतात. मग सकाळी झोप, शाळा सुटते, रविवारही सुटतो. कधी जलपर्णी वाऱ्याने किनाऱ्याकडे सरकते आणि होड्या तिच्यात अडकून पडतात, घरी बायका ताटकळत राहतात. त्या पोरांसाठी प्रार्थना करा, त्या म्हणाल्या, ती मोठी झाली तरी माझीच आहेत.

शनिवारी संध्याकाळी आमच्या तरुण संघाच्या प्रार्थनेत आता हा विषय पहिला असतो. डिसेंबरच्या सुट्टीतल्या वर्गासाठी टीचरांनी फ्लॅनेलची नवी चित्रं मागितली आहेत: होडी, जाळं, दिवे, आणि मासे बोटाएवढेच. कापायचं काम सुरू झालंय. कुणाला कापडावर चित्रं काढता येत असतील तर कृपया कळवा, होडी आम्हाला अजून नीट जमलेली नाही.