शिसवी दरवाजा आणि पात्याची पाठ

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे टूल ग्राइंडिंगचे छोटे वर्कशॉप आहे. कामाचा मोठा भाग लेथ आणि मिलिंग मशीनच्या कटरना धार लावण्याचा. त्याच्या जोडीला सुतारांच्या पटाश्या, रंध्यांची पाती आणि सुभाषनगरातील चप्पल कारागिरांच्या चामडे कापायच्या रापी येतात. ही हातहत्यारे मी मशीनवर फक्त आकारापुरती घेतो आणि धार जपानी पाण्याच्या दगडांवर हाताने काढतो. ते दगड पाहून येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न नंबरचा, म्हणजे दगडाचे कण किती बारीक याचा विचारतो, आणि मला तो प्रश्न नेहमी नंतरचा वाटतो. असे का वाटते, ते मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका पात्यावरून सांगता येईल.

शिवाजी पेठेतील एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचे काम करणारे एक वयस्कर मिस्त्री सकाळीच दुकानात आले. त्यांना सगळे तात्या म्हणतात, म्हणून मीही तात्याच म्हणतो. वाड्याच्या माजघराचा शिसवी दरवाजा त्यांनी उतरवून घेतला होता आणि त्याच्या फळ्या पुन्हा साफ करायच्या होत्या. मालकांची अट अशी की, पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही. रंध्याने पृष्ठ काढायचे आणि त्यावर फक्त तेल द्यायचे. अट रास्त होती. शिसवीवर पेपर घासला की बारीक भुकटी लाकडाच्या छिद्रांत बसते आणि काळ्या-तांबूस रेषांचा उठाव मंदावतो. पण शिसवीचे तंतू एका दिशेने चालत नाहीत. वीतभर अंतरात ते एकदा वर आणि एकदा खाली वळतात. त्यामुळे तात्यांचा रंधा एका जागी गुळगुळीत चाले आणि पुढच्याच जागी तंतू उपटून खडबडीत चट्टे पाडी.

तात्यांनी पिशवीतून रंधा काढला आणि त्यासोबत एक नारिंगी-तपकिरी, दोन थरांचा जपानी दगडही काढला. एका बाजूला हजार नंबर, दुसऱ्या बाजूला सहा हजार. “पोरानं ऑनलाइन मागवून दिला. चांगला हाय म्हणं. पण ह्याच्यावर घासल्यापासनं पातं आणखीनच बिघडलंय बघा. ह्यो दगडच खोटा हाय.”

दगड खोटा नव्हता. हजार नंबरच्या दगडातील कण जपानी मानकानुसार सरासरी 11.5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि सहा हजारातला 2 मायक्रॉनचा असतो. या दोन पायऱ्यांत रंध्याच्या पात्याला उत्तम धार येते. मी पोलादी सरळपट्टी दगडावर उभी धरली आणि दिव्याच्या दिशेने पाहिले, तेव्हा पट्टीच्या दोन्ही टोकांना दगड टेकत होता आणि मधोमध उजेडाची रुंद फट दिसत होती. या जातीचे दगड मातीच्या बंधाने भाजलेले आणि मऊ असतात. घासताना वरचे बोथट कण सुटून जातात आणि खालचे ताजे कण उघडे पडतात. म्हणून तर ते आपल्या कुरुंदाच्या दगडापेक्षा भरभर कापतात. त्या वेगाची किंमत अशी की, दगड स्वतःही तितक्याच भरभर झिजतो, आणि अरुंद पटाश्या मधल्याच पट्ट्यात घासत राहिले तर तिथे खळगा पडतो. तात्यांच्या घरातील सगळ्या पटाश्या त्या दगडाच्या मधोमध घासल्या गेल्या होत्या.

अशा खोलगट दगडावर पात्याचा उतार, म्हणजे धारेकडे तिरपी घासलेली बाजू, घासला तर फारसे बिघडत नाही, धार थोडी गोलसर होते इतकेच. नुकसान होते ते पाठीचे, म्हणजे दुसऱ्या, सपाट बाजूचे. पाठ पालथी टेकवून घासली की दगडाचे उंच काठ पात्याच्या कडांना जास्त खातात आणि सपाट असायला हवी ती पाठ नेमकी धारेजवळ उतरती होते. धार म्हणजे दोन पृष्ठे जिथे मिळतात ती रेषा. त्यांतले एक पृष्ठ त्या रेषेच्या अलीकडेच खाली वळत असेल, तर दुसरे कितीही चकचकीत केले तरी उपयोग नाही.

तात्यांना हे नुसते सांगून पटले नसते, म्हणून आम्ही दोघे शेजारच्या मशीन शॉपमध्ये गेलो. उद्यमनगरात राहण्याचा हा एक फायदा आहे. सरफेस प्लेट, म्हणजे अगदी अचूक सपाट केलेली जड प्लेट, हवी असेल तर हाकेच्या अंतरावर मिळते. प्लेटवर प्रशियन ब्लू या निळ्या लेपाचा अगदी पातळ थर दिला, पात्याची पाठ त्यावर टेकवून हलकेच फिरवली आणि उलटून तात्यांच्या हातात दिली. पाठीच्या मध्यावर निळा ठसा उमटला होता. धारेलगतची बोटाच्या नखाएवढी पट्टी कोरी होती. तिथे 0.05 मिलिमीटरची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) अडथळ्याशिवाय आत सरकली. तात्या बराच वेळ ती कोरी पट्टी पाहत राहिले आणि मग म्हणाले, “म्हंजे इतके दिवस मी धार घासतच नव्हतो?” खरोखरच तसे होते. त्यांच्या सहा हजारच्या दगडाने पाठीचा मधला भाग आरशासारखा केला होता आणि धारेच्या टोकावर मात्र जुने ओरखडे तसेच होते.

पण पात्यात आणखी एक दोष होता, आणि तो मला दगडापेक्षा जास्त चिंतेचा वाटला. उताराच्या बाजूला धारेपासून सुमारे दोन मिलिमीटरपर्यंत निळसर झाक दिसत होती. दगडावर धार येईना म्हणून मधल्या काळात कोणीतरी पाते बेंच ग्राइंडरच्या कोरड्या चाकावर धरले होते. पाणी दिलेले कार्बन पोलाद तापू लागले की साधारण 230 अंश सेल्सिअसला गवतासारखे पिवळे आणि 300 अंशांच्या आसपास निळे होते. निळे झाले म्हणजे तिथली कठीणता उतरली, आणि थंड केल्याने ती परत येत नाही. बारीक कानस त्या जागी टेकवली तर ती धातू धरत होती. चार मिलिमीटर आत टेकवली तर काचेवरून घसरावी तशी घसरत होती. एवढा मऊ भाग शिसवीसारख्या लाकडात काही फेऱ्यांतच वळतो. आमच्या भागात हे रोज घडते. ग्राइंडर सगळ्यांकडे आहे, ठिणग्या उडाल्या की काम झाल्यासारखे वाटते, आणि धारेचा पातळ कडा तापायला काही सेकंद पुरतात.

उपाय एकच होता: निळा भाग पूर्ण काढून टाकायचा. पाण्यात बुडून संथ फिरणाऱ्या चाकावर मी धार प्रथम काटकोनात मागे घेतली आणि मग 25 अंशांचा उतार नव्याने पाडला. यात दुपार झाली. तात्या हलायला तयार नव्हते; बाकावर बसून ते मधूनमधून, “आणि किती खानार हाय ते?” असे विचारत होते. पाते आखूड होत असल्याची त्यांची काळजी मी समजू शकत होतो, पण मऊ झालेले पोलाद पात्यावर ठेवून त्यांना काहीच मिळणार नव्हते. शिवाय मागे घेण्यात पाठीचा उतरता भागही बराचसा निघून गेला, त्यामुळे पुढचे काम हलके झाले.

त्यानंतर दगड. माझा हजारचा दगड सिरॅमिक जातीचा आहे, त्यावर पाणी शिंपडले की पुरते. तात्यांच्या जातीचा मातीचा दगड मात्र दहा-पंधरा मिनिटे भिजवावा लागतो. उलट मॅग्नेशियाच्या बंधाचे काही दगड असतात, ते पाण्यात बुडवून ठेवले तर खराब होतात आणि त्यांना तडे जातात; म्हणून ‘पाण्याचा दगड’ म्हटले की सगळेच बादलीत टाकणे योग्य नाही. घासण्यापूर्वी मी दगडावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि हिऱ्याचे कण बसवलेल्या डायमंड प्लेटवर त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत दगड घासला. हे मी प्रत्येक पात्याआधी करतो. जपानमध्ये पूर्वीपासून कारागीर क्योतोजवळच्या डोंगरांतील नैसर्गिक दगड वापरत आले. त्या खाणींपैकी बहुतेक आता बंद आहेत आणि जुना चांगला दगड फार महाग मिळतो. तसला दगड असो की कारखान्यातला, सपाट ठेवण्याच्या कामातून सुटका नाही.

पाठीवर गंजाचे बारीक खड्डेही होते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओले पाते तासभर पुसायचे राहिले तरी तांबूस डाग धरतो. जपानी सुतार यासाठी कामेलियाचे तेल लावतात, मी शिलाई मशीनचे तेल लावतो आणि तेवढ्याने भागते. खड्डे पूर्ण जाईपर्यंत अख्खी पाठ घासायची तर दुसरा दिवस उजाडला असता. रंध्याच्या पात्यासाठी एक सोपी वाट आहे, जी इंग्लंडचे सुतारकाम-शिक्षक डेव्हिड चार्ल्सवर्थ यांनी प्रचारात आणली. अर्ध्या मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी दगडाच्या लांब काठावर ठेवायची, पात्याची पाठ त्या पट्टीवर टेकवायची आणि धारेचे टोक दगडाच्या दुसऱ्या काठावर हलके घासायचे. पाते अर्ध्या अंशाच्या आसपासच उचलले जाते, आणि धारेलगतचा अगदी अरुंद पट्टा तेवढा स्वच्छ होतो. खड्डे मागे राहतात, पण धारेवर एकही राहत नाही.

उताराच्या टोकाला 30 अंशांवर हजारचा दगड दिला. पाठीकडे वळलेली बर, म्हणजे घासताना धारेवर उठणारी धातूची बारीक कड, संपूर्ण रुंदीभर बोटाला लागेपर्यंत थांबलो नाही. बर मध्येच तुटक लागत असेल, तर तिथे धार अजून पोहोचलेली नाही असे समजावे. मग तात्यांचाच दगड डायमंड प्लेटवर सपाट करून त्याच्या सहा हजारच्या बाजूवर शेवट केला. हे मी मुद्दाम केले. माझ्याकडे आठ हजारचा दगड आहे आणि त्यातला कण 1.2 मायक्रॉनचा असतो, पण तो वापरला असता तर तात्यांनी घरी जाऊन पोराला तोच मागवायला सांगितला असता.

संध्याकाळी आम्ही वाड्यावर गेलो. पहिल्या फेरीत सरळ रेषेच्या भागावरून रंधा अखंड पापुद्रा काढत गेला आणि खाली शिसवीचा गडद, ओलसर वाटावा असा रंग उघडा पडला. फळीच्या मध्यावर, जिथे तंतू उलटे वळत होते, तिथे मात्र पुन्हा बारीक चट्टे पडले. पूर्वीपेक्षा कमी, पण पडले. तात्यांनी माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाहीत.

माझी नजर मग पात्यावर स्क्रूने बसवलेल्या चिपब्रेकरकडे, म्हणजे ढलपी मोडणाऱ्या पोलादी पट्टीकडे गेली. तो धारेपासून दीड-दोन मिलिमीटर मागे होता, आणि बहुतेक मिस्त्री तो तसाच ठेवतात. जपानच्या यामागाता विद्यापीठातील कावाई आणि कातो या प्राध्यापकांनी रंध्यातून ढलपी कशी निघते याचे अगदी जवळून चित्रीकरण केले आहे. चिपब्रेकरची पुढची कड पुरेशी उभी आणि धारेपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या अंतरावर असेल, तर ढलपी उचकटण्यापूर्वीच पुढे मोडली जाते आणि लाकूड धारेच्या पुढे फाटत नाही, असे त्यात स्पष्ट दिसते. पण इतक्या जवळ आणायचा, तर चिपब्रेकरची खालची कड पात्याच्या पाठीवर पूर्ण टेकली पाहिजे. तात्यांच्या रंध्यात ती एका कोपऱ्यात उचललेली होती. तशीच पुढे सरकवली असती, तर त्या फटीत ढलपी अडकून रंधा तुंबला असता.

तात्यांचा दगड पिशवीत होताच. वाड्याच्या ओसरीवर, बादलीशेजारी बसून मी चिपब्रेकरची खालची कड हजारच्या बाजूवर सपाट केली आणि पुढच्या तोंडाला सुमारे 50 अंशांचा उभा उतार दिला. तो पात्यावर बसवून उजेडासमोर धरला, तेव्हा फट दिसली नाही. मग धारेपुढे पात्याची केसासारखी चमकती रेघ तेवढी उरेल इतका तो पुढे आणला. तात्यांनी रंधा हातात घेतला. ढकलायला किंचित जास्त जोर लागत होता, आणि ढलपी गुंडाळी होऊन न पडता सरळ वर येत होती. चिपब्रेकर काम करू लागल्याची ही खूण आहे. उलट्या रेषेच्या जागेवरून रंधा गेला आणि तिथे एकही चट्टा राहिला नाही. “आता हिकडनं घालू की तिकडनं?” तात्यांनी विचारले. मी म्हटले, कुठूनही घाला. त्यांनी खरेच फळी फिरवून उलट्या बाजूने रंधा मारून पाहिला.

पैशांच्या बाबतीत थोडी घासाघीस झाली. तात्या पूर्ण दिवसाचे द्यायला निघाले होते आणि मी पात्याचाच दर लावला, कारण दिवस माझ्या हौसेने गेला होता. लक्ष्मीपुरीतून 10 मिलिमीटर जाडीची काच आणि काळा वॉटर पेपर आणून त्यावर दगड सपाट करायला त्यांना सांगितले. डायमंड प्लेट घेण्याची त्यांना गरज नव्हती. पटाश्या मात्र त्यांनी माझ्याकडे ठेवल्या. पट्टी ठेवून पाठ उचलण्याची युक्ती पटाशीला चालत नाही, कारण खाच साफ करताना पटाशीची पाठच लाकडाला टेकून तिला सरळ नेते. ती अर्धा अंश जरी उचलली तरी हत्यार लाकडातून वर निसटू पाहते. त्यामुळे त्या खोलगट दगडाने बिघडवलेल्या सगळ्या पाठी पूर्ण सपाट कराव्या लागल्या. रुंद पटाशीला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि पाव इंचीची एक पटाशी इतकी झिजलेली निघाली की ती घासत बसण्यापेक्षा नवी घ्या, असे मी तात्यांना फोनवर सांगितले.