आमची वाटचाल : पिल्लांचे पहिले सात दिवस

सातारा जिल्ह्यात, शिरवळच्या परिसरात आमचे लहानसे अंडी उबवणी केंद्र आहे. पैदाशीच्या कळपांची अंडी विकत आणून आम्ही ती उबवतो आणि गिरिराज, वनराज व कडकनाथ यांची एकदिवसीय पिल्ले मुख्यतः परसात कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांना आणि महिला बचत गटांना देतो. यंत्रांची जबाबदारी माझ्या यजमानांकडे आहे; नोंदवही आणि ग्राहकांचे फोन माझ्याकडे असतात. या व्यवसायात सर्वसाधारण रीत अशी आहे, की शंभर पिल्लांमागे दोन पिल्ले जादा द्यायची आणि खोका ग्राहकाच्या हाती गेला की व्यवहार पुरा झाला असे समजायचे. जादा पिल्ले देण्याची रीत आम्हीही पाळतो. मात्र पिल्लू सात दिवसांचे होईपर्यंत त्याची अर्धी जबाबदारी आमचीच आहे, अशा निर्णयाला आम्ही हळूहळू आलो, आणि तो निर्णयच आमच्या व्यवसायाला आजचे रूप देणारा ठरला.

त्याची सुरुवात फोनवरच्या एका प्रश्नाने झाली, जो आजही तसाच येतो : "ताई, पिल्लं मरायला लागलीत, कुठलं औषध देऊ?" याचे उत्तर औषधाच्या नावाने देता येत नाही, कारण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची मरतुक बहुतेक वेळा औषधाच्या अभावी होत नसते. म्हणून मी आधी उलट विचारते, की मरतुक कितव्या दिवशी सुरू झाली, मेलेली पिल्ले शेडच्या कोणत्या बाजूला सापडली, आणि ती रात्रीत मेली की दिवसभरात एकेक करून. या तीन उत्तरांवरून शोध कोठून सुरू करायचा हे बरेचसे ठरते. शवविच्छेदन त्यानंतर येते आणि औषध सर्वांत शेवटी.

यात दिवसाला इतके महत्त्व का, हे पिल्लाच्या पोटातील बलकामुळे समजते. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढून घेते आणि त्याच्या बळावर ते दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरू शकते. एकदिवसीय पिल्ले टेम्पोने दूरच्या गावांना पाठवता येतात ती निसर्गाच्या या सोयीमुळेच. पण हाच बलक पालकाची फसगतही करतो. ज्या पिल्लाने पहिल्या रात्री दाण्याला चोचही लावलेली नाही, ते तिसऱ्या दिवसापर्यंत इतरांसारखेच दिसते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पटापट मरू लागते. पालकाला वाटते, कालपर्यंत चांगली असलेली पिल्ले एकाएकी आजारी पडली, म्हणजे साथ आली. प्रत्यक्षात ते मरण पहिल्या रात्रीच ठरून गेलेले असते.

जावळी तालुक्यातील एका बचत गटाकडे भर थंडीत असेच घडले. त्याच बॅचची पिल्ले त्या आठवड्यात आणखी काही गावांना गेली होती आणि तिथे सर्व ठीक होते. या गटाकडे मात्र चौथ्या दिवशी मरतुक एकदम वाढली. आम्ही स्वतः गेलो आणि मेलेली पिल्ले उघडून पाहिली, तेव्हा गळ्याखालची अन्नपिशवी रिकामी होती, पोटात भाताच्या तुसाखेरीज काही नव्हते आणि बलक बऱ्यापैकी जिरला होता. बाकी अवयवांत रोगाची कसलीही खूण नव्हती. ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाच्या दिव्याखाली ऊब होती, पण दाण्याची आणि पाण्याची भांडी त्या उबेच्या बाहेर, भिंतीलगत ठेवलेली होती; थंडीने गोळा झालेली पिल्ले तिथपर्यंत गेलीच नाहीत आणि भूक लागल्यावर त्यांनी पायाखालचे तूस टिपले. भांडी उबेच्या कडेला आणली, तुसावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर मक्याचा बारीक भरडा पसरला, कोमट पाणी दिले, आणि जी पिल्ले चालत होती ती वाचली. औषध एक थेंबही दिले नाही.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक नव्या ग्राहकाला अन्नपिशवी चाचपायला शिकवतो. पिल्ले सोडल्यानंतर आठ-दहा तासांनी काही पिल्ले हातात घ्यावीत आणि गळ्याखाली बोटाने हलके दाबून पाहावे. मऊ, भरलेली पिशवी असेल तर दाणा आणि पाणी दोन्ही पोटात गेले आहे. टणक लागली तर पाणी मिळालेले नाही. नुसती लुळी, पाणचट लागली तर दाणा मिळालेला नाही. चोवीस तासांनंतर जवळजवळ प्रत्येक पिल्लाची पिशवी भरलेली असली पाहिजे. तसेच पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून पाहावेत. पाय गार लागले तर तापमापक काहीही दाखवत असला तरी खालची जमीन थंड आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते तीनेक अंशांनी उतरवायचे असते, हे सांगायला सोपे आहे. पण खरी खबर पिल्लेच देतात. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी आहे, दिव्यापासून दूर जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त आहे, आणि सगळी एकाच बाजूला सरकली तर कोठून तरी वाऱ्याचा झोत येतो आहे.

ग्राहकाच्या शेडकडे बोट दाखवणे उबवणी केंद्राला सोयीचे असते, आणि ग्राहकालाही ते कळते. म्हणून आम्ही एक व्यवस्था लावली, जिचा मला आजही अभिमान वाटतो. प्रत्येक बॅचमधील काही पिल्ले आम्ही विकत नाही; ती आमच्याच आवारात, ग्राहकाला सांगतो त्याच पद्धतीने, सात दिवस वाढवतो. एका बॅचची पिल्ले वेगवेगळ्या गावांत मरत असतील आणि आमच्याकडे ठेवलेलीही मरत असतील, तर दोष पिल्लाबरोबर गेलेला आहे. एकाच ठिकाणी मरत असतील आणि आमची धडधाकट असतील, तर कारण त्या ठिकाणी शोधायचे. इतक्या साध्या तुलनेने किती वाद मिटले आणि किती अनावश्यक औषधे वाचली, हे या व्यवसायात असणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

या पिल्लांनीच एका पावसाळ्यात आम्हाला सावध केले. दुसऱ्याच दिवशी आमच्याकडची काही पिल्ले पोट फुगून मलूल झाली; बेंबी ओली आणि निळसर होती, आणि मेलेले पिल्लू उघडताच दुर्गंधी आली. आतला बलक न जिरता तपकिरी, पाण्यासारखा पातळ झालेला होता. बेंबीच्या संसर्गाची ही नेहमीची लक्षणे आहेत आणि त्याला बहुधा ई-कोलाय व तत्सम जिवाणू कारणीभूत असतात. ग्राहकांचे फोन येण्याआधी आम्हीच त्यांना फोन केले. हॅचरचे, म्हणजे ज्या यंत्रात पिल्ले अंड्यातून बाहेर पडतात त्याचे, तापमान आणि आर्द्रता यांच्या नोंदी नीट होत्या, म्हणून आम्ही अंड्यांकडे वळलो आणि मूळ तिथे सापडले. पैदाशीच्या एका कळपाच्या मालकाने जमिनीवर पडलेली, विष्ठा लागलेली अंडी गार पाण्याने धुऊन स्वच्छ अंड्यांत मिसळून पाठवली होती. गार पाण्याने अंड्याच्या आतला भाग आकसतो आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेरची घाण जिवाणूंसह आत ओढली जाते. असे अंडे दिसायला शुभ्र असते, पण २१ दिवस उबेत ठेवल्यावर त्यात पिल्लाबरोबर जंतूही वाढतात. ती खरेदी आम्ही बंद केली, ग्राहकांना पिल्ले बदलून दिली, आणि आता घरट्यातील, न धुतलेली, सात दिवसांहून जुनी नसलेली अंडीच घेतो.

अंड्यातून येणारा दुसरा धोका पांढऱ्या हगवणीचा, म्हणजे साल्मोनेला पुलोरमचा आहे. वरून निरोगी दिसणारी कोंबडी तो अंड्यात उतरवते, हॅचरमध्ये एका पिल्लापासून तो शेजारच्या पिल्लांत पसरतो, आणि मरतुक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शिगेला पोहोचते. औषधाने मरतुक कमी होते, पण वाचलेले पिल्लू मोठे होऊन पुन्हा तोच रोग अंड्यातून पुढे देऊ शकते. म्हणून ज्या कळपाची रक्ततपासणी झालेली नाही, त्याची अंडी कितीही स्वस्त मिळाली तरी आम्ही घेत नाही. ही तपासणी काचपट्टीवर रक्ताचा थेंब आणि रंगीत प्रतिजन, म्हणजे तपासणीचे द्रावण, मिसळून कोंबडीजवळ उभे राहूनच करता येते, तेव्हा ती टाळण्याला मला तरी सबळ कारण दिसत नाही.

पावसाळ्यातील आणखी एक प्रकरण भोरकडचे. पिल्ले मान ताणून, चोच उघडून श्वास घेत होती, पण घरघर ऐकू येत नव्हती. पालकाने दुकानातून प्रतिजैविक आणून पाण्यात दिले होते आणि मरतुक वाढतच होती. आजारी व ताजी मेलेली पिल्ले आम्ही शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेली. फुप्फुसांत बाजरीच्या दाण्याएवढ्या पिवळट गाठी निघाल्या. हा बुरशीचा आजार होता. गळक्या छपराखाली ठेवलेले तूस ओले होऊन बुरसले होते आणि तेच वाळवून अंथरले गेले होते. यावर व्यवहारात उपयोगी पडेल असे औषध नाही, आणि बुरशीवर प्रतिजैविक चालत नाही. तूस काढून जाळले, शेड कोरडी केली, हवा खेळती केली; ज्यांच्या फुप्फुसात गाठी धरल्या होत्या ती पिल्ले मात्र गेली.

उन्हाळ्यात लांबच्या प्रवासात पिल्लांचे पाणी कमी पडले, किंवा घरात आहे म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांचे भरपूर कॅल्शियमचे खाद्य पिल्लांना घातले, तर मूत्रपिंडांवर ताण येतो आणि यकृत व हृदयावर खडूसारखा पांढरा थर बसलेला दिसतो. हिवाळ्यात पडदे घट्ट बांधून आत कोळशाची शेगडी ठेवली तर एका रात्रीत, पोट भरलेली धडधाकट पिल्लेही विषारी धुराने जातात. शेगडी ठेवावी लागली तर वरची हवा मोकळी ठेवावी, असे मी प्रत्येकाला बजावून सांगते.

प्रतिजैविके उगाच देऊ नयेत, हा आमचा आग्रह सुरुवातीला ग्राहकांना पटत नसे. कोलिस्टिन हे औषध पिल्लांच्या पाण्यात टाकण्याची सवय फार पसरली होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली, कारण माणसांच्या गंभीर संसर्गांत ते शेवटच्या उपायांपैकी एक आहे. नमुना देण्यापूर्वी कोणतेही प्रतिजैविक देऊ नये, कारण मग प्रयोगशाळेत जिवाणू वाढत नाहीत. नुकतीच मेलेली काही पिल्ले बर्फाच्या डब्यात ठेवून, पण फ्रीझरमध्ये न गोठवता, तीन-चार आजारी जिवंत पिल्लांसह त्याच दिवशी पोचवावीत आणि सोबत मूठभर खाद्य न्यावे. आम्ही महाविद्यालयात किंवा पुण्याला औंध येथील रोग अन्वेषण विभागात नमुने देतो. मात्र पिल्लांबरोबर मोठ्या कोंबड्याही एकाएकी मरू लागल्या, तर नमुना स्वतः हलवू नये; तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना ताबडतोब कळवावे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आढळला तेव्हा संपूर्ण राज्यातील कुक्कुटपालक होरपळले, आणि एका शेडमधील गोष्ट लपवली गेली तर किती घरे बुडू शकतात हे आमच्या पिढीने पाहिले आहे.

आज पिल्ले देण्याच्या आदल्या दिवशी आम्ही ग्राहकाकडून पेटलेल्या ब्रूडरचे आणि पिल्लाच्या उंचीवर टांगलेल्या तापमापकाचे छायाचित्र मागवतो. शेड चोवीस तास आधी गरम झालेली नसेल, तर पिल्ले दुसऱ्या दिवशी देतो. यावरून काही ग्राहक रागावून दुसरीकडे गेले, काही परत आले. पिल्ले सोडल्यावर मी त्याच संध्याकाळी आणि चौथ्या दिवशी फोन करते. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लासोटा लस डोळ्यात घालण्याची आठवणही त्याच वेळी देते, आणि पिल्ले मलूल असतील तर लस पुढे ढकलायला सांगते. प्रत्येक खोक्याबरोबर आता एक छापील कागद जातो. त्यावर बॅचची तारीख असते आणि सात दिवसांचे रकाने असतात. त्यात मेलेली पिल्ले, अन्नपिशवी, तापमान आणि शेडची बाजू लिहायची. आठव्या दिवशी त्याचे छायाचित्र आले, की मी ते आमच्याकडे ठेवलेल्या त्याच बॅचच्या नोंदीशेजारी चिकटवते आणि पुढची अंडी मागवण्यापूर्वी आम्ही दोघे ती पाने एकत्र वाचतो.