टॉवरखालचा माणूस

सेन्सेक्स जोरात आपटला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कुठला फोटो असणार, हे आदल्या संध्याकाळीच सांगता येतं. दलाल स्ट्रीटवरचा मुंबई शेअर बाजाराचा, म्हणजे बीएसईचा टॉवर, वर पडद्यावर धावणारे आकडे आणि खाली मान वर करून, कपाळाला हात लावून उभा असलेला एक माणूस. तो खरोखर बुडालाय की जवळच्या बँकेत चेक टाकायला आलाय, हे कोणी विचारत नाही. फोटोग्राफरला टॉवर हवा असतो आणि टॉवरखाली एक चिंताग्रस्त कपाळ.

खरं तर शेअर्सची कितीतरी जास्त उलाढाल आज वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एनएसईवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारात होते. पण एनएसईची इमारत डोळ्यांसमोर आणा म्हटलं तर भल्याभल्यांना जमणार नाही. बाजाराला चेहरा लागतो आणि तो अजूनही फोर्टातच आहे.

हा चेहरा मिळवायला बीएसईला जवळजवळ सव्वाशे वर्षं लागली. १८५०च्या दशकात टाउन हॉलसमोर, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, वडाच्या झाडाखाली मूठभर दलाल जमायचे. मग अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इथल्या कापसाला मागणी आली आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. समुद्र बुजवायला निघालेल्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरसाठी लोक वेडे झाले. १८६५ साली युद्ध संपलं आणि सगळंच गडगडलं. बाजाराचे अनभिषिक्त राजे प्रेमचंद रायचंद यांचंही दिवाळं वाजलं. पण त्याआधी त्यांनी आईच्या नावाने विद्यापीठाला पैसे देऊन ठेवले होते, म्हणून राजाबाई टॉवर उभा राहिला. त्या सगळ्या तेजीतून मुंबईकरांच्या हाती काय लागलं, तर एक घड्याळ!

वाचले ते दलाल झाडं आणि रस्ते बदलत १८७४च्या सुमारास आजच्या दलाल स्ट्रीटवर येऊन टेकले. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ काढली. सभासद ३१८, प्रवेश फी एक रुपया. याच सभासदत्वाच्या कार्डाला पुढे कोटींत भाव आला. १८९९ साली हॉल झाला, १९३० साली स्वतःची इमारत आणि १९८० साली हा ११८ मीटर उंचीचा टॉवर. १९६६पासून एक्स्चेंजचे अध्यक्ष असलेले फिरोज जीजीभॉय त्याच वर्षी गेले. टॉवरला त्यांचं नाव दिलं गेलं.

टॉवर देखणा आहे असं मला कधीच वाटलं नाही. फोर्टातल्या जुन्या दगडी इमारतींच्या घोळक्यात तो एकटाच उंच, आणि समोरची गल्ली एवढी चिंचोळी की पुरता बघायला मागे सरकावं तर पाठ भिंतीला लागते. फोटोतल्या त्या माणसाची मान अशी वाकडी का, याचं निम्मं उत्तर या गल्लीत आहे.

खरी शोभा आतल्या रिंगची, म्हणजे सौद्यांच्या हॉलची. सौदे तिथे ओरडून व्हायचे. शेकडो माणसं एकमेकांच्या अंगावर रेलून भाव पुकारतायत, जॉबर, म्हणजे स्वतःच्या हिशेबावर खरेदी-विक्री करणारा दलाल, एकाच वेळी दोघांना उत्तर देतोय आणि जमलेला सौदा पेन्सिलीने चिमुकल्या वहीत टिपला जातोय. घेणाऱ्याने आपल्या वहीत लिहायचं, विकणाऱ्याने आपल्या. संध्याकाळी दोन्ही जुळले तर ठीक, नाहीतर वांदा. पैसे नसतील तर सौदा पुढे ढकलायला बदला, आणि पैशाऐवजी शेअरचाच तुटवडा असेल तर उंधा बदला. भाषा बहुतेक गुजराती. मराठी माणूस त्या गर्दीत असला तर बऱ्याचदा दुसऱ्याच्या पेढीचा कारकून म्हणून.

आपला भाग फुटपाथचा. घराघरांत शेअर म्हणजे सट्टा आणि सट्टा म्हणजे वाटोळं, असा पक्का समज. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘फेरा’ या परकीय चलनाच्या कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपला वाटा कमी करावा लागला, कोलगेटसारख्यांचे शेअर स्वस्तात मिळू लागले आणि पोस्टात पैसे ठेवणाऱ्यांचीही चलबिचल झाली. पुढे फोर्टातल्या फुटपाथवर पब्लिक इश्यूच्या, म्हणजे कंपन्यांनी लोकांना विकायला काढलेल्या नव्या शेअर्सच्या फॉर्मांचे गठ्ठे मांडलेले असत. लंच टाइमला डबा उरकून साहेबाच्या नकळत दोन फॉर्म घेऊन यायचे, बायकोच्या नावाने भरायचे, आणि ‘अलॉटमेंट लागली का?’ हे लॉटरीच्याच सुरात विचारायचं.

१२ मार्च १९९३ला, शुक्रवारी दुपारी, मुंबईतल्या बॉम्बस्फोट मालिकेतला पहिला स्फोट याच टॉवरच्या तळघरात झाला. आत-बाहेर कितीतरी माणसं गेली. टॉवर उभा राहिला, बाजारही लवकरच पुन्हा भरला.

रिंग बंद पाडली ती उपग्रहाने. १९९४च्या नोव्हेंबरात एनएसईने उपग्रहाने जोडलेल्या संगणकांच्या पडद्यावर शेअर्सचे सौदे सुरू केले. तिथे रिंग नव्हतीच; नाशिकच्या ब्रोकरला मुंबईच्या ब्रोकरइतकाच भाव दिसू लागला. बीएसईने मार्च १९९५मध्ये घाईघाईने ‘बोल्ट’ ही स्वतःची पडद्यावरची व्यवस्था आणली आणि ओरडा संपला. म्हणजे बघा, सव्वाशे वर्षं खपून टॉवर बांधला आणि पंधरा वर्षांत त्यात येण्याचं कारणच उरलं नाही. मला यात शोकांतिका दिसत नाही. वांद्याच्या वह्या गेल्या ते बरंच झालं.

आता तिथे लोक बैलासोबत फोटो काढायला जातात. २००८ साली बसवलेला हा ब्राँझचा बैल सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी घडवलेला. नाकपुड्या फुललेल्या, मान वळवलेली, नुसतं बघूनही दोन पावलं मागे सरावं असा. रिंगमध्ये मराठी आवाज कमी होता, पण दारातला बैल मात्र आपल्या मातीतला निघाला, याचं मला भाबडं समाधान आहे.

आणि शेअर बाजारात पहिल्यांदाच उतरणाऱ्या, म्हणजे लिस्टिंग होणाऱ्या कंपनीचे मालक घंटा वाजवायला येतात. सगळं कुटुंब नटून थटून, फुलं, टाळ्या, कॅमेरे. घंटेचा दोर ओढताना आजोबांना पुढे केलं जातं. संगणकाला त्या घंटेशी काही देणंघेणं नसतं. तो ठरल्या मिनिटाला सौदे सुरू करतोच. तरी मोबाइलवर लिस्टिंग बघून गप्प बसेल असा मालक अजून जन्माला यायचाय.