आधी क्रँक, मग पोर्ट

गुरुवार

माझ्या यामाहा आरएक्स-१०० ची क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) तयार झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, कारखान्यांच्या भागातल्या, मामांनी नवा कनेक्टिंग रॉड, नवी पिन आणि नवं बिग एंड बेअरिंग प्रेसवर बसवलं, मग क्रँक दोन सेंटरमध्ये धरून दोन्ही टोकांना बारीक हालचाल मोजणारी डायल लावली. काटा चांगलाच हलत होता. मामांनी खूण केली, तांब्याच्या हातोडीने क्रँकच्या कडेवर एक ठोका दिला आणि परत फिरवून पाहिलं. पुन्हा एक ठोका, या वेळी हलका. असं करत रनआउट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, दोन शतांश मिलिमीटरच्या आत आणला, तेव्हाच हातोडी खाली ठेवली. मी मध्येच पोर्टिंगचा, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतली तोंडं (पोर्ट) घासून बदलायचा, विषय काढला तर म्हणाले, "पोर्ट कुठं पळून जात न्हाईत. आदी क्रँक सरळ हुंदे, मग काय घासायचं ते घास."

मला हे शंभर टक्के पटतं. आरएक्स-१०० ट्रॅकसाठी करतोय म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "बोअर (सिलेंडरचा व्यास) केवढा टाकला?" मी ९८ सीसीच ठेवणार आहे. १९८५ साली ही गाडी आली तेव्हापासून तिचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा प्रवास, तोही ५०. कंपनीने यातून ११ हॉर्सपॉवर काढली होती. तेवढ्याच जागेत अजून किती ताकद आहे, हे मला बघायचंय. सीसी वाढवली की पिकअप मिळतो, पण इंजिन कळत नाही.

आणि वाकडी क्रँक दहा हजार आरपीएमला, म्हणजे सेकंदाला १६६ फेरे फिरताना काय करते? बेअरिंग खाते, मग ऑइल सील खाते. मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचं सील गेलं की तिथून कोरी हवा आत येते, मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि शेवटी पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं. लोक दोष जेटिंगला देतात, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटच्या निवडीला.

शनिवार

लीक टेस्ट. एक्झॉस्टचं तोंड आणि कार्ब्युरेटरची जागा रबर लावून बंद केली, आणि ब्लड प्रेशर मोजायच्या मशीनचा फुगा प्लगच्या भोकाला जोडला. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ सहा पीएसआय. टू-स्ट्रोकच्या क्रँककेससाठी नेमका हवा तेवढाच दाब! महागडं टेस्टर घ्यायची गरजच नाही.

काटा ३०० वरून सावकाश उतरायला लागला. साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावलं. सील कोरडी, बेस गॅस्केट कोरडं. बुडबुडे आले ते दोन क्रँककेस जिथे जुळतात त्या रेषेवर, खालच्या बाजूला, मोहरीएवढे, एकामागून एक. आधी कुणीतरी केस उघडताना फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलेलं दिसतंय, धार दबली आहे. केस परत उघडली. सरफेस प्लेटवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही तोंडं हलक्या हाताने घासली, नवीन सीलंट लावून बोल्ट आडवे-तिडवे, टप्प्याटप्प्याने आवळले. रात्री परत दाब भरला. चहा होईपर्यंत काटा जागचा हलला नाही. फार बरं वाटलं.

रविवार

आता पोर्ट. डिग्री व्हील (क्रँक किती अंश फिरली ते दाखवणारी चकती) लावून एक्झॉस्ट कधी उघडतो ते आधी लिहून घेतलं. ५० च्या स्ट्रोकला एक्झॉस्टची वरची कड एक मिलिमीटर वर नेली की ड्युरेशन, म्हणजे पोर्ट उघडा राहण्याचा काळ, साधारण साडेचार अंश वाढतं. आकडा लहान दिसतो, पण वरच्या आरपीएमची ताकद त्यातच असते आणि खालची त्यातच जाते. रुंदीला मी हात आखडता ठेवला. पोर्ट बोअरच्या ७० टक्क्यांच्या पुढे गेला की पिस्टनची रिंग त्यात अडकायला बघते. घासून झाल्यावर प्रत्येक कडेला चँफर देऊन धार मोडलीच पाहिजे. रिंग तिथून हजारो वेळा जाणार आहे.

पण नुसत्या पोर्टने काही होत नाही, खरं काम चेंबरचं, म्हणजे मधे फुगलेल्या एक्झॉस्ट पाइपचं. हा विषय निघाला की मला वॉल्टर काडेन आठवतो. पूर्व जर्मनीतला चोपाऊचा मोटरसायकलचा कारखाना, एमझेड. पैसा तुटपुंजा, साहित्य तुटपुंजं. तिथे या माणसाने एक्झॉस्टमधल्या ध्वनिलहरींचा अभ्यास करून चेंबर बनवले. पाइपचा पसरत जाणारा भाग सिलेंडरमधून धूर ओढून काढतो. पुढे निमुळता होणारा भाग लाट उलटी पाठवतो, आणि एक्झॉस्टमधून निसटलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत परत सिलेंडरमध्ये कोंबलं जातं. १९६१ साली त्याच्या १२५ सीसीने २५ हॉर्सपॉवर दिली, म्हणजे लिटरला २००, तीही सुपरचार्जर नसताना. त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीला गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीची जागतिक स्पर्धा जिंकली. विद्या चोरीला गेली, पण पाया काडेनचाच. आज उद्यमनगरात पत्रा वळवून कुणी चेंबर वेल्ड करतो, त्याच्याही हातात तेच गणित आहे, आणि हे नाव आपल्याकडच्या प्रत्येक टू-स्ट्रोकवाल्याला माहीत असायला हवं.

सिलेंडरचं हेड (वरचं झाकण) लेथवर घासून उतरवायचंय. त्याआधी प्लगच्या भोकातून सोल्डरची तार सिलेंडरच्या भिंतीपर्यंत घातली, हाताने क्रँक फिरवली आणि दबलेली टोकं मायक्रोमीटरने मोजली. स्क्विश, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या आणि हेडच्या कडेमधली फट, दीड मिलिमीटरच्या वर निघाला. एक मिलिमीटरपर्यंत आणणार, त्याखाली नाही.

मंगळवार

ट्रॅक-डे श्रीपेरुंबुदूरला, चेन्नईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, ते ठिकाण जवळजवळ समुद्राच्या पातळीला. तिथली हवा जड. इथे बरोबर बसलेला मेन जेट तिथे लीन पडणार, आणि सरळ पट्ट्यावर थ्रॉटल पूर्ण उघडा असणार. म्हणून मोठे जेट बरोबर घेतोय. सुरुवात सर्वांत रिच, म्हणजे जास्त पेट्रोल सोडणाऱ्या जेटने, प्लग काढून रंग बघत एकेक नंबर खाली. ऑइल पंप काढलाय, तेल पेट्रोलमध्येच, लिटरला ३३ मिली. गाडी टेम्पोने जाईल, या चेंबरच्या आवाजात ती रस्त्यावर काढायची नाही.

मामा विचारत होते, "मी येऊ का?" त्यांचंही तिकीट काढलं.