प्लेट सात: कागदाने घात केला

आली एकदाची सातवी प्लेट, अठराव्या शतकातल्या इंग्रज चित्रकार होगार्थच्या ‘अ रेक्स प्रोग्रेस’ या आठ छापचित्रांच्या मालिकेतली! चौथीबद्दल मागे लिहिलंच होतं, मालिकेतल्या उधळ्या नायकाला, टॉमला, लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर सेडान खुर्चीतून (माणसांनी वाहायच्या बंद खुर्चीतून) उतरताना बेलिफ गाठतात ती. सातवीत तो फ्लीटच्या, कर्जबुडव्यांना ठेवायच्या तुरुंगात. दोघी शेजारी लावायच्या म्हणून तीन महिने वाट पाहिली.

विक्रेत्याने पाकिटावर ‘१७३५’ लिहिलेलं. छापाखालीही २५ जून १७३५ कोरलेलं. एलईडी पॅडवर धरली आणि पोटात गोळा आला. जुन्या कागदात दिसतात तशी साच्याच्या तारांची एकही रेघ नाही, सपाट वोव्ह कागद, म्हणजे बारीक विणलेल्या जाळीवर केलेला! पुस्तकात तो पहिल्यांदा वापरला मुद्रक बास्करव्हिलने, १७५७ साली. म्हणजे तारीख आहे ती ज्यावरून छापतात त्या तांब्याच्या पत्र्याची, या कागदाची नव्हे. नकलांना आळा घालणारा कायदा लागू होईपर्यंत होगार्थने प्लेट्स रोखून धरल्या होत्या. तो दिवस तांब्यात कोरला गेला आणि पुढच्या प्रत्येक छापावर उमटत राहिला.

मग हा छाप कोणाचा? होगार्थच्या बायकोनंतर ते पत्रे प्रकाशक बॉयडेलकडे गेले, तेव्हाचा? १८२२ मध्ये खोदकाम करणाऱ्या हीथने झिजलेल्या रेषा पुन्हा कोरल्या, तेव्हाचा? की टॉमस कुक या दुसऱ्या खोदकाम करणाऱ्याने नव्या पत्र्यावर केलेली नक्कल? तीन रात्री यातच गेल्या. फोनला लावायची मॅक्रो लेन्स घेऊ नका, कडा वाकड्या दिसतात. दहापटीचं भिंगच खरं.

टॉर्च आडवा धरला तेव्हा मात्र चित्रातल्या टेबलावरची चिठ्ठी वाचता आली! ‘तुमचं नाटक वाचलं, ते चालायचं नाही.’ सही जे. आर., मधे टिंबं, शेवटी एच. म्हणजे लंडनच्या कव्हेंट गार्डन नाट्यगृहाचा चालक जॉन रिच. टॉमने सुटकेसाठी लिहिलेलं नाटक परत आलंय, तुरुंगाचा रखवालदार फीसाठी हात पुढे करतोय, बियरवाल्या पोऱ्यालाही पैसे हवेत. पलीकडच्या कैद्याच्या हातून निसटलेल्या कागदावर राष्ट्राचं कर्ज फेडायची योजना! होगार्थचे वडील स्वतः कर्जापायी फ्लीटमध्ये होते. हे ठाऊक असलं की त्या रखवालदाराच्या हातावरून नजर हटत नाही.

परत पाठवायचं ठरवलं होतं. हे लिहिताना बेत बदलला, ठेवतो. ब्रिटिश म्युझियमच्या सुरुवातीच्या छापाचा स्कॅन शेजारी घेऊन टॉमच्या कोटावरच्या सावलीतल्या आडव्या-तिडव्या रेषा इंचभर चौकोनात मोजायच्या. जुन्या रेषांमध्ये नव्या घुसलेल्या दिसल्या तर हीथ. रेषांची मांडणीच वेगळी निघाली तर कुक. रविवारी बाहीपासून सुरुवात.