आत बसलं तर चालतं का?

दुकानांची नावं ठरवणं आणि पाट्यांचा आराखडा करणं हे माझं काम. पुण्यात क्वार्टर गेटजवळचा हा गाळा आला तेव्हा नाव आधीच ठरलेलं होतं. मालक ख्रिस्ती नवरा-बायको, मूळचे नगरकडचे. कॉफी शॉप मात्र सगळ्यांसाठी, यावर दोघंही ठाम. नाव: 'अम्माऊस'.

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानातली गोष्ट आहे. येशूचे दोन शिष्य अम्माऊस गावाच्या वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला आग्रहाने थांबवून घेतात आणि त्याने भाकर मोडल्यावर तो येशूच आहे हे त्यांना कळतं. अनोळखी माणसाला पानावर बसवणारी गोष्ट कॉफी शॉपला चपखल बसते. पण पाटी वाचणाऱ्याला गोष्ट दिसत नाही, अक्षरं दिसतात.

नाव पक्कं करण्याआधी मी चार बाय दोन फुटांचं साधं फ्लेक्स छापून गाळ्यावर टांगते. संध्याकाळी पाच ते सात, येणाऱ्या-जाणाऱ्या वीस जणांना तीनच प्रश्न: हे वाचून दाखवा, इथे काय मिळत असेल, आत जाल का? नाव कसं वाटलं, हे विचारायचं नाही. त्यावर सगळे 'छान' म्हणतात.

त्या दिवशी वीसपैकी सात जणांनी 'अमावस' वाचलं. एकाने तर "अमावस्येला बंद का?" असंही विचारलं. फ्लेक्सवर कोपऱ्यात छोटा क्रूस होता. पिशवी घेऊन चाललेल्या एक आजी थांबल्या, क्रूसाकडे बघून म्हणाल्या, "चर्चचं आहे का? आम्ही आत बसलं तर चालतं का?"

मालकीणबाई शेजारीच उभ्या होत्या. "आजी, तुम्ही बसावं म्हणूनच काढतोय," एवढंच बोलल्या. आजी हसल्या आणि पुढे गेल्या. त्या दिवशीच्या वीस उत्तरांत माझ्या दृष्टीने हेच महत्त्वाचं होतं.

मालकांचा पहिला उपाय होता खाली 'सर्वधर्मीयांचे स्वागत' लिहायचा. मी नको म्हटलं. शेजारच्या वडापाववाल्याने असं लिहिलेलं नाही, कारण तिथे कुणाला शंकाच नाही. स्वागत लिहून दाखवलं की वाचणारा विचार करतो, मग अडवत कुणाला होते?

यावर मालकीणबाईंचा प्रश्न रास्त होता. "अमृततुल्यावर देवीचं नाव असतं, तिथे कुणी विचारत नाही चालतं का म्हणून. आम्हीच का लपवायचं?" खरं आहे. बहुसंख्यांची खूण सवयीने नजरेआड होते आणि अल्पसंख्यांची खूण सूचनेसारखी वाचली जाते. हे अन्यायाचं आहे, पण तीस इंची पाटीने ते सुटत नाही. म्हणून लपवायचं नाही, जागा बदलायची. वचन आतल्या भिंतीवर, नाताळचा तारा खिडकीत, दारावर 'रविवारी उपासनेनंतर, ११ वाजता उघडते'. हे सगळं दाराशी आलेल्या माणसाला दिसतं. पाटीवर मात्र असा शब्द हवा, जो रस्त्यावरच्या कुणालाही आपला वाटेल आणि बायबल वाचणाऱ्याला आणखी काही ऐकू येईल.

मालकांनी मग 'पंचहौद १८९०' सुचवलं. त्याच वर्षी इथून जवळच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या टिळक-रानड्यांसारख्या मंडळींना चहा दिला गेला, गोपाळराव जोशींनी 'पुणे वैभव' या वृत्तपत्रात नावं छापली आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. कल्पना तिखट आहे आणि पुणेरीही. पण कोण कुणाकडचं पीत नव्हतं, हीच आठवण ती सगळ्यात आधी काढते. शिवाय चर्चचा परिसर त्याच नावाने ओळखला जातो, म्हणजे दुकान मिशनचंच वाटणार. ते नाव खोडलं.

'ओसरी' मीच सुचवलं आणि मीच मागे घेतलं. ओसरीवर बसवतात ते ज्यांना माजघरात घेत नाहीत त्यांना. 'पंगत'चंही तेच, पंगती वेगळ्या बसायच्या. 'विसावा' दोघांना फार आवडलं. 'माझ्याकडे या' म्हणणाऱ्या मत्तयाच्या वचनात मराठी बायबलात हाच शब्द आहे आणि पालखीचाही विसावा असतो. पण नावाला विभक्ती लावून फोनवर बोलून बघावं लागतं. "कुठे आहेस?" "विसाव्यावर पोचलोय." पुण्यात हे वाक्य अंत्ययात्रेतला माणूस बोलतो. वर या नावाची लॉज आणि वृद्धाश्रम महाराष्ट्रभर आहेत.

बायबलात येशू विहिरीवर एका शमरोनी बाईकडे पाणी मागतो, त्या गोष्टीवरून 'पोहरा' निघालं. अर्ध्या लोकांना पोहे ऐकू येतील. उरलेले 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून' म्हणतील, आणि तेही कॉफी पातळ झाली त्याच दिवशी.

'रांजण' पोहऱ्यावरूनच सुचलं. उन्हाळ्यात दुकानाबाहेर रांजण भरून ठेवायचे, वाटसरू पाणी प्यायचे. ख्रिस्ती वाचकाला काना गावच्या लग्नातले सहा दगडी रांजण आठवतात. मालकीणबाईंच्या वडिलांची हरकत आली: त्या रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस झाला होता, लोक दारूचं दुकान म्हणतील. मग पुन्हा फ्लेक्स, पुन्हा वीस जण. दारू कुणालाच आठवली नाही. तिघांनी "ताक मिळतं का?" विचारलं, म्हणून नावापुढे 'कॉफी' जोडणं भाग पडलं.

पाटीचं गणित नावाइतकंच महत्त्वाचं. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची आहे. मराठी आधी हवं आणि त्याची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. पाटी ३० इंच उंच. वर-खाली तीन-तीन इंच आणि मराठी-रोमन अशा दोन ओळींच्या मध्ये दोन इंच सोडले की प्रत्येक ओळीला ११ इंच उरतात. आमच्या यादीत 'सुवार्ता'ही होतं. त्याला खाली उकार आणि वर रफार, त्यामुळे अक्षराचं अंग सहा इंचांवर येतं. 'रांजण'ला फक्त अनुस्वार, अंग साडेआठ इंच मिळतं. दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच, हा ढोबळ हिशोब धरला तर दुचाकीवाल्याला एक पाटी साठ फुटांवरून वाचता येते आणि दुसरी पंचाऐंशीवरून. रोमन ओळही त्याच प्रमाणात लहान करावी लागते. रोमनमध्ये 'रांजण'चं 'रंजन' होतं, म्हणून तिथे R नंतर A दोनदा घेतला. ॲक्रिलिक अक्षरांत अनुस्वाराचा टिंब सुटा असतो आणि पावसात तोच आधी पडतो. तो शिरोरेषेला मागून पट्टीने जोडून मागायचा.

ट्रेडमार्कला खाद्यपेय सेवेचा ४३वा वर्ग, कॉफी पावडर पुड्यांत विकणार असाल तर ३०वाही. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ₹४,५००. शोध अक्षरांवर आणि उच्चारावर दोन्ही घ्यायचा, कारण राजन-रंजनशी टक्कर उच्चारात सापडते. धर्मग्रंथाचं नाव मागायच्या फंदात पडूच नये. 'रामायण' अगरबत्तीच्या खटल्यात २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुराण-बायबलचाही उल्लेख करून ते नाकारलं आहे. शॉप ॲक्ट, अन्न परवाना, चालू खातं आणि क्यूआर हे सगळं नाव पक्कं झाल्यावरच. नंतर एक अक्षर बदललं तरी चारही ठिकाणी फेऱ्या होतात.

दारात खरा रांजण ठेवायचा हे मालकांनीच ठरवलं. तो फुटपाथवर नको, अतिक्रमणवाले उचलतात. उंबऱ्याच्या आतच ठेवायचा. नवा असेल तर तीन-चार दिवस पाणी भरून बदलत राहायचं, नाहीतर मातीचा वास येतो. लांब दांड्याचं ओगराळं त्यांनी आणूनही ठेवलं होतं. ते मी परत करायला लावलं, कारण वरून ओंजळीत पाणी ओतण्याची पद्धत कुणासाठी होती ते या भागात सगळ्यांना माहीत आहे. त्याऐवजी तोटी बसवली, तळापासून चार बोटं वर, म्हणजे गाळ खाली राहतो आणि पेला ज्याचा त्याला भरून घेता येतो.